ताटातले पाणी

(लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर मिरा-भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईहून विरारकडे जाणारी गाडी भाईंदर स्थानक सोडून खाडीवरील पुलावर येते, तेव्हा दोन्ही बाजूंना नजर पोचेल तेथवर पाणीच पाणी दिसते. परंतु त्यातील एक ओंजळही पिण्याच्या अथवा पिकाच्या कामी येत नाही. पश्चिमेस समुद्र आणि उत्तरेस वसईची खाडी अशा पाण्याने वेढलेल्या या शहराला गोड्या पाण्याची जवळजवळ प्रत्येक घागर बाहेरून आणावी लागते. उल्हास नदीचे पाणी शहाड-टेमघर प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या नळांतून येथवर येते. सूर्या नदीच्या पाण्यासाठी त्याहूनही दूरवर जावे लागले आहे.

नळाला पाणी आले नाही की त्याची तक्रार होते, सभेत प्रश्न विचारला जातो, वृत्तपत्रांत मथळे येतात. ते योग्यच आहे. परंतु या शहरात रोज आणखी एका वाटेने पाणी येत असते आणि ते नळाच्या पाण्याच्या कित्येक पट असते. ते जलवाहिनीतून येत नाही; ते पोत्यांतून, पिशव्यांतून आणि दुधाच्या कॅनमधून येते. ते तांदळात असते, गव्हात असते, साखरेत आणि डाळीत असते. त्याची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही. या न दिसणाऱ्या पाण्याचा हिशोब मांडणे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

खाडीकाठचा जुना हिशोब

आज जेथे उंच इमारती उभ्या आहेत, तेथे एके काळी भातखाचरे आणि मिठागरे होती. मिरे, भाईंदर, घोडबंदर, नवघर, गोडदेव, राई, मुर्धे, मोर्वे या गावांची शेती खाडीशी झगडून उभी राहिलेली होती. १८७० मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने मिरे, भाईंदर आणि घोडबंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिल्या. त्या व्यवहारामागे खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये यासाठी बांध घालावेत व ते राखावेत, हा मुख्य हेतू होता. खारबंदिस्तीची ही परंपरा साऱ्या कोकणकिनाऱ्यावर आहे. बांध घालावयाचा, भरतीचे पाणी बाहेर रोखावयाचे, ओहोटीच्या वेळी उघाडी मोकळी करून आतील पाणी सोडून द्यावयाचे आणि पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की भात लावावयाचा, अशी ही पद्धत होय.

या शेतीचा पाण्याचा हिशोब साधा होता. पाऊस हीच तिची नदी आणि पाऊस हेच तिचे धरण. कोकणात दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणून दोन हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. हे पाणी कोणाकडून मागून आणलेले नव्हते आणि कोणाच्या तोंडचे काढून घेतलेले नव्हते. शेतकरी त्यावर भाताचे एक पीक घेई. पावसाळा सरला की खाचरातील उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरण्याची रीत कोकणात सर्वत्र आहे. त्या पिकाला जमिनीतील ओल आणि थंडीतील दव एवढे पुरते.

पुढे काळ बदलला. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. खाचरे गेली, भात मात्र गेला नाही. तो आता दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातून, दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्यावर पिकून येथे येतो. शेती शहरातून बाहेर गेली, परंतु शहर शेतीतून बाहेर पडलेले नाही.

पाण्याची पाऊलखूण

लंडन येथील प्राध्यापक जॉन अँथनी ॲलन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात एका प्रश्नाचा विचार केला. मध्यपूर्वेतील देशांत पाण्याची एवढी टंचाई असूनही तेथील लोकांचे चालते कसे? त्यांचे उत्तर असे, की हे देश धान्य आयात करतात आणि धान्याबरोबर ते पिकविण्यास लागलेले पाणीही अप्रत्यक्षपणे आयात करतात. या पाण्याला त्यांनी ‘आभासी पाणी’ असे नाव दिले. या विचाराबद्दल २००८ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार देण्यात आला. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये हाच विचार पुढे नेऊन ‘पाण्याची पाऊलखूण’ ही मोजपट्टी मांडली. एखादी वस्तू तयार होईपर्यंत आरंभापासून अखेरपर्यंत किती गोडे पाणी खर्ची पडले, त्याची ही बेरीज होय.

जागतिक सरासरीचे काही आकडे पाहण्यासारखे आहेत. एक किलो गहू पिकविण्यास सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. एक किलो पांढऱ्या तांदळामागे सुमारे २,५०० लिटर, एक किलो साखरेमागे सुमारे १,८०० लिटर, एक किलो डाळींमागे सुमारे ४,००० लिटर आणि एक लिटर दुधामागे सुमारे १,००० लिटर पाणी खर्ची पडते. दुधाच्या आकड्याचे नवल वाटेल. परंतु गाय-म्हैस जे वैरण आणि पेंड खाते, त्यांचे पाणी त्यात मोजलेले असते.

आता मिरा-भाईंदरमधील चार माणसांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. समजा, या घरात महिन्याला दहा किलो तांदूळ, दहा किलो गहू, चार किलो साखर, तीन किलो डाळ आणि तीस लिटर दूध लागते. वरील प्रमाणाने हिशोब केला, तर तांदळाचे २५ हजार, गव्हाचे १८ हजार, साखरेचे ७ हजार, डाळीचे १२ हजार आणि दुधाचे ३० हजार असे एकूण ९२ हजार लिटर पाणी होते. तेल, भाजी, फळे, मांस-मासळी, कपडे यांची गणना त्यात नाही. याच कुटुंबाला शहरी निकषाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर नळाचे पाणी मिळाले, तर महिन्याला ते १६,२०० लिटर होते. म्हणजे ताटातले पाणी नळाच्या पाण्याच्या साडेपाच पटींहून अधिक आहे.

हाच हिशोब आणखी लहान करून सांगता येईल. सुमारे ५४ ग्रॅम तांदूळ शिजविले की एक वाटी भात होतो. २,५०० लिटरच्या प्रमाणाने त्या वाटीत १३५ लिटर पाणी असते. पानात टाकून दिलेली भाताची एक वाटी म्हणजे एका माणसाचे दिवसभराचे नळाचे पाणी होय. आंघोळीची बादली अर्धी करणारा गृहस्थ लग्नाच्या पंगतीत वाटीभर भात टाकून उठला, तर त्याने बचत केली की उधळपट्टी, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आकड्याचा रंग

तथापि केवळ मोठा आकडा पाहून पिकाला दोष देणे अन्यायाचे होईल. पाण्याच्या पाऊलखुणेचे तीन भाग मानले जातात आणि त्यांना तीन रंगांची नावे दिली आहेत. पावसाचे जे पाणी जमिनीत मुरते आणि पीक ते थेट वापरते, ते हिरवे पाणी. नदी, धरण, विहीर अथवा कूपनलिकेतून काढून दिलेले ते निळे पाणी. खते, औषधे आणि सांडपाणी यांमुळे झालेले प्रदूषण सौम्य करण्यास जेवढे स्वच्छ पाणी लागेल, ते करडे पाणी.

या रंगांचे महत्त्व ज्वारीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. जागतिक सरासरीने एक किलो ज्वारीला सुमारे ३,००० लिटर पाणी लागते. गव्हापेक्षा हा आकडा पुष्कळ मोठा आहे. वरवर पाहणारा म्हणेल, ज्वारी पाणी उधळते. परंतु या ३,००० लिटरांत निळे पाणी केवळ शंभर लिटरच्या आसपास आहे. बाकीचे जवळजवळ सर्व पावसाचे. उलट गव्हाच्या १,८०० लिटरांत निळे पाणी सुमारे ३४० लिटर आहे. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत शेतकरी पावसाची ओल धरून रब्बी ज्वारी पिकवितो, तेव्हा तो कोणत्याही धरणाच्या तोंडाला हात लावीत नाही. ज्वारीचा आकडा मोठा असण्याचे कारण तिचे उत्पादन कमी येते, हे आहे. तेथे पाणी वाचविण्याचा मार्ग ज्वारी सोडणे हा नसून तिचे उत्पादन वाढविणे हा आहे.

उसाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. एक किलो उसाला जागतिक सरासरीने केवळ २१० लिटर पाणी लागते. एवढा लहान आकडा पाहून ऊस काटकसरी वाटेल. परंतु ऊस वजनाने भारी असतो आणि बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. भर उन्हाळ्यात, जेव्हा धरणातील प्रत्येक थेंबाला अनेक मागणीदार असतात, तेव्हाही त्याची तहान भागवावीच लागते. पाऊस आणि सिंचन मिळून त्याला दोन हजार मिलीमीटरहून अधिक, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटरांवर पाणी लागते. एका शहरवासीयाला १३५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ४९ हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे एक हेक्टर ऊस सुमारे ४०० नागरिकांएवढे पाणी पितो. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले आहे. उसाला निश्चित भाव आणि हमखास गिऱ्हाईक असते, म्हणून शेतकरी त्याकडे वळतो. त्यात त्याचा दोष नाही. परंतु साखरेच्या प्रत्येक पोत्याबरोबर दुष्काळी भागातील पाणी बाहेर जाते, ही वस्तुस्थिती आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षाने हा धडा पुरेसा कठोरपणे शिकविला आहे.

जगात याहून मोठी उदाहरणे आहेत. मध्य आशियातील अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतीकडे मोठ्या प्रमाणावर वळविण्यात आले आणि अरल समुद्राचा बहुतांश भाग आटून गेला. आपल्या देशात पंजाबने भातासाठी भूगर्भातील पाण्याचा एवढा उपसा केला, की २००९ मध्ये कायदा करून १० जूनपूर्वी भाताच्या लावणीस बंदी घालावी लागली. शिधावाटप दुकानात मिळणाऱ्या तांदळाच्या दाण्यामागे असे एखादे दूरचे शिवार असते.

सूर्येचे पाणी

ही दूरची उदाहरणे झाली. परंतु मिरा-भाईंदरला हा प्रश्न घराच्या उंबरठ्यावर भेटतो. त्याचे नाव सूर्या नदी.

सूर्या ही वैतरणेची उपनदी. पालघर जिल्ह्यात धामणी येथे तिच्यावर धरण आणि त्याच्या खालच्या अंगास कवडास येथे उन्नैयी बंधारा बांधण्यात आला. डहाणू, विक्रमगड आणि पालघर या तालुक्यांतील सुमारे १४,७०० हेक्टर जमीन भिजावी, हा या प्रकल्पाचा मूळ हेतू होता. हा मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांचा मुलूख आहे. पावसाळ्यात भात आणि नागली, त्यानंतर मजुरीसाठी वीटभट्टीकडे किंवा शहराकडे स्थलांतर, हे तेथील कित्येक कुटुंबांच्या वर्षाचे वेळापत्रक आहे. कालव्याचे पाणी शेतात आले, की दुसरे पीक येते. दुसरे पीक आले, की घरातील माणसे घरी राहतात आणि मुले शाळेत राहतात. सिंचनाचा खरा अर्थ हा आहे.

दरम्यान किनाऱ्यावरील शहरे वाढत गेली. वसई-विरारला सूर्येचे पाणी पूर्वीच मिळू लागले होते. त्यानंतर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने दररोज ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना हाती घेतली. तीत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटर, तर मिरा-भाईंदरचा २१८ दशलक्ष लिटर आहे. डोंगरातून बोगदे काढून आणि दूरवर जलवाहिन्या टाकून हे पाणी आणण्याचे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवघड होते. परंतु ज्यांच्या शेतासाठी धरण झाले, त्यांच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहिला. सूर्या पाणी बचाव संघर्ष समितीने पाणी शहरांकडे वळविण्यास विरोध केला. शेतीचे पाणी कमी होऊ नये, ही तिची मागणी होती.

या प्रश्नात एका बाजूला न्याय आणि दुसऱ्या बाजूला अन्याय असे सोपे चित्र नाही. शहरातील चौथ्या मजल्यावर हंडा वाहून नेणारी गृहिणी आणि कवडासच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाशी पाण्याची वाट पाहणारी शेतकरीण, दोघींची गरज खरी आहे. पिण्याच्या पाण्याला प्रथम स्थान असावे, याविषयी दुमत नाही. त्यानंतरच्या क्रमाविषयी मात्र शासनालाही पुनर्विचार करावा लागला. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योगांना स्थान होते. २०११ मध्ये ते बदलून दुसरे स्थान शेतीला देण्यात आले. तसेच निकषांतील अंतरही नजरेआड करता येत नाही. शहरासाठी माणशी १३५ लिटर आणि २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी माणशी ५५ लिटर! ज्या मुलुखातून पाणी येते, त्याच मुलुखाचा निकष निम्म्याहून कमी आहे.

या पाण्याचे शेतीच्या भाषेत मोल किती? मिरा-भाईंदरच्या वाट्याचे २१८ दशलक्ष लिटर पाणी नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत, म्हणजे २१२ दिवसांत, सुमारे ४,६२० कोटी लिटर होते. एक हेक्टर उन्हाळी भातास सव्वा कोटी लिटर पाणी लागते असे धरले, तर एवढ्या पाण्यावर सुमारे ३,७०० हेक्टर उन्हाळी भात पिकतो. कालव्यातील गळती या ढोबळ हिशोबात धरलेली नाही. परंतु त्याच पाण्यावर ठिबक सिंचनाने हेक्टरी पन्नास लाख लिटरप्रमाणे भाजीपाला घेतला, तर सुमारे ९,२०० हेक्टर क्षेत्र भिजते. पाणी तेच; पीक आणि पद्धत बदलताच क्षेत्र अडीच पट झाले. शहराला पाणी देऊनही शेतीला न्याय देण्याची वाट याच हिशोबातून निघते. मात्र ती वाट चालण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

शेतातील बचत

शेतीत पाणी कसे वाचवावे, याचे ज्ञान महाराष्ट्राला परके नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यावयाचे, ही तिची रचना होती. पाण्याच्या मानाने पीक, ही जाणीव त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांना पूर्णपणे होती.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात देण्यात आला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्याच क्षेत्राला पाणी, ऊस वर्ज्य, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात पर्जन्यमान मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. जास्त पाण्याची पिके आणि शेतीसाठी कूपनलिका यांवर गावाने स्वतःच बंधन घालून घेतले आहे. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची तरतूद केली. मोजून मिळालेले पाणी जपून वापरले जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

कोकणातील भातशेतीतही पुष्कळ वाव आहे. भाताला पाणी लागते हे खरे. परंतु खाचर सदैव तुडुंब भरलेले असलेच पाहिजे, असे नाही. चिखलणी आणि लावणी टाळून गादीवाफ्यावर भात टोकणारे सगुणा भात तंत्र रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केले आणि अनेक शेतकऱ्यांनी ते स्वीकारले. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. रब्बीत कालव्याच्या पाण्यावर दुसऱ्यांदा भातच घेण्याऐवजी वाल, हरभरा, भाजीपाला अथवा विक्रमगड-जव्हारकडील मोगरा यांसारखी पिके घेतली, तर पाणी कमी लागते आणि हाती पैसाही येतो. परंतु भाजी आणि फुले नाशवंत असतात. त्यांना त्याच दिवशी बाजार मिळाला नाही, तर पाण्याची बचत शेतकऱ्याच्या तोट्यातून होते. येथे शहराचा संबंध पुन्हा येतो.

शहराचे देणे

ज्या शहराने नदी घेतली, त्याने नदीकाठच्या शेतकऱ्याला काय द्यावे? दयेपोटी नव्हे, व्यवहार म्हणून.

पहिले देणे गळती थांबविण्याचे. सूर्येचा जो थेंब जमिनीखालील फुटक्या नळातून खाजणात जातो, तो ना शहराच्या उपयोगी पडतो, ना शेतीच्या. जलवाहिन्यांची तपासणी आणि प्रत्येक जोडणीवर मीटर ही कामे रुक्ष असली, तरी त्यांत एक लहान धरण दडलेले असते.

दुसरे देणे सांडपाण्याचे. शहरात आलेल्या पाण्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. ते प्रक्रिया न करता खाडीत सोडले, की करड्या पाण्याचा बोजा वाढतो आणि उत्तन, पाली, चौक येथील मच्छीमारांच्या जाळ्यावर त्याचा परिणाम होतो. तेच पाणी शुद्ध करून उद्याने, बांधकामे, रस्तेधुलाई आणि उद्योग यांना पुरविले, तर तेवढे गोडे पाणी मोकळे होते.

तिसरे देणे बाजाराचे. सूर्येच्या खोऱ्यातील शेतकऱ्याने कमी पाण्यावर पिकविलेली भाजी, वाल, नागली आणि फुले यांना शहरात थेट विक्रीसाठी जागा मिळावी. पाणी ज्या वाटेने शहरात येते, त्याच वाटेने त्या पाण्याचे पीकही यावे आणि त्याचा पैसा परत जावा. कालव्यांची दुरुस्ती आणि ठिबक संच यांसाठी शहराच्या पाणीपट्टीतील काही वाटा लाभक्षेत्राकडे कसा जाईल, याचाही विचार संबंधितांनी करण्यासारखा आहे.

चौथे देणे जवळच्या पाण्याला जपण्याचे. किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला, की खारे पाणी वर येते आणि विहीर कायमची बिघडते. खाडीपलीकडील वसईत शेतकऱ्यांनी पावसाचे पाणी साठविणाऱ्या बावखलांवर पानमळे आणि बागा फुलविल्या. तेथे टँकरने होणाऱ्या पाण्याच्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती याच कारणाने. मिरा-भाईंदरमधील जुन्या विहिरी आणि तलाव हे केवळ शोभेचे नाहीत. ते या शहराचे स्वतःचे पाणी आहे.

शाळा आणि ग्रामसभा

हे काम केवळ कायद्याने होणारे नाही. शिक्षकांनी मनावर घेतले, तर गणिताच्या तासालाच ते सुरू होईल. विद्यार्थ्यांनी आठवडाभर आपल्या घरातील धान्य, दूध आणि साखर यांची नोंद एका वहीत करावी, त्यांचे पाणी गुणाकाराने काढावे आणि नळाच्या पाण्याशी त्याची तुलना करावी. शालेय पोषण आहारानंतर किती भात उरला आणि टाकला गेला, याचे वजन फळ्यावर लिहावे. मुलांना उपदेशापेक्षा स्वतः काढलेले उत्तर अधिक काळ लक्षात राहते.

पंचायत सदस्यांनी पावसाळा संपताच ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. यंदा गावात पाणी किती आहे? पिण्यास आणि जनावरांना किती लागेल? उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसेल? अटल भूजल योजनेत राज्यातील अनेक ग्रामपंचायतींनी असे जलताळेबंद तयार केले. ते कागद दप्तरात न राहता पेरणीपूर्वी वाचले गेले पाहिजेत. अधिकाऱ्यांनीही सिंचनाचा अहवाल लिहिताना किती हेक्टर भिजले एवढ्यावर न थांबता, किती पाण्यात भिजले आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचले काय, हे रकाने भरावेत.

या शहराच्या जुन्या रहिवाशांनी बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले आणि पावसाच्या गोड्या पाण्यावर भात पिकविला. बांधाला पडलेले लहानसे भगदाड वेळीच बुजविले नाही, तर एका भरतीत सारे शिवार खारे होते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून बांधाची राखण साऱ्या गावाची असे. आज शिवार दूर गेले आहे आणि बांध दिसेनासा झाला आहे. तरी राखणीचे काम संपलेले नाही. धामणीच्या जलाशयापासून भाईंदरच्या स्वयंपाकघरापर्यंत पाण्याची जी एक लांब वाट तयार झाली आहे, तिच्यावर कोठे भगदाड पडले आहे, हे पाहणे आणि ते बुजविणे आता शहर आणि गाव दोघांच्याही वाट्याला आले आहे.